न झालेल्या गोलांचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. त्यामुळे येथे उभे राहताना मनात जेवढा आनंद आहे तेवढाच संकोचही आहे. तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात मराठी साहित्य शिकविलेला मनुष्य आज संतकाव्यावर बोलेल, किंवा सीमाभागातील मराठीच्या भवितव्यावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र फुटबॉलवर बोलणार आहे. आणि त्यातही गोल करणाऱ्या खेळाडूवर नव्हे, तर गोल होऊ न देणाऱ्या खेळाडूवर. एका चांगल्या बचावपटूमुळे संघाच्या निकालात किती फरक पडतो, आणि तो फरक मोजायचा कसा, हा आजचा विषय. विषयाची ही निवड माझी असली तरी प्रश्न गुरुजींचा आहे. तो त्यांनी मला साठ वर्षांपूर्वी घातला होता आणि त्याचे उत्तर तेव्हा मला देता आले नव्हते.

त्या काळी आपला तालुका सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. भाताची कापणी झाली की मळ्या मोकळ्या होत, आणि त्या खुंटांच्या जमिनीवर आमचा फुटबॉल सुरू होई. बूट कोणाच्याच पायात नसत. चामड्याचा चेंडू, आत ब्लॅडर, वर वादीने आवळलेले तोंड. त्या वादीची गाठ कपाळाला लागली म्हणजे आठवडाभर खूण राही. मैदानावर मराठी, कोकणी आणि कन्नड यांची सरमिसळ चाले आणि ती सर्वांना कळे. गुरुजी वर्गात गणित व व्याकरण शिकवीत आणि सायंकाळी शिट्टी घेऊन कडेला उभे राहत.

मी संघाचा कप्तान होतो आणि पुढच्या फळीत खेळत असे. हिशेबाची हौस असल्यामुळे मी एक वही ठेवली होती. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याने केलेले गोल रेघांनी मांडलेले असत. आमच्या मागच्या फळीत एक मुलगा होता. तो गवळीवाड्यावरून दोन कोस चालत शाळेला येई. त्याचे नाव मी येथे घेत नाही. त्याला ते रुचले नसते. अंगाने किरकोळ, बोलायला कमी, पण चेंडू कोठे येणार हे त्याला चेंडू निघण्यापूर्वी कळत असे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे एकही रेघ नव्हती.

तालुक्याच्या सामन्यांत आम्ही तीन सामने जिंकून अंतिम फेरीत आलो. तोवर आमच्यावर एकच गोल झाला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी गुरुजींना सांगितले की, ह्या मुलाच्या जागी सरावात गोल करणारा दुसरा एक मुलगा घ्यावा. गुरुजींनी विचारले, "का?" मी वही पुढे केली आणि म्हणालो, "ह्याचा एकही गोल नाही." ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "कप्तान तू आहेस." दुसऱ्या दिवशी सुप्याच्या मैदानावर आम्ही चार गोलांनी हरलो. तो मुलगा कडेला आमचे सदरे सांभाळीत बसला होता.

परत आल्यावर गुरुजींनी मला वही उघडायला लावली आणि तिच्यात एक नवा रकाना आखायला सांगितले. रकान्याचे नाव होते "न झालेले गोल". मागच्या तीन सामन्यांत ह्या मुलाने किती गोल वाचविले ते लिही, असे त्यांनी सांगितले. मी बराच वेळ बसून राहिलो. झालेले गोल मला एकूणएक आठवत होते. न झालेला एकही आठवत नव्हता. रकाना कोराच राहिला. आज ते सुपा गाव आणि ते मैदान काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली आहे. वहीही कधीच हरवली. पण तो कोरा रकाना माझ्यापुढून हललेला नाही.

मित्रहो, बचावपटूचे काम नीट पाहिले तर ते का दिसत नाही हे ध्यानात येते. उडी घेऊन चेंडू हिसकावून घेणे हा त्याच्या कामाचा सर्वांत दिखाऊ आणि बहुधा सर्वांत लहान भाग होय. खरे काम त्याच्या आधीचे आहे. प्रतिपक्षाचा खेळाडू ज्या जागी चेंडू मिळण्याची आशा धरतो, ती जागा दोन पावले आधी अडविणे. शेजारच्याला हाक मारून सरकविणे. सर्व बचावफळी एका रेषेत पुढे वा मागे नेणे. हे नीट झाले म्हणजे प्रतिपक्ष चेंडू पुढे टाकतच नाही, तो आडवा देतो. प्रेक्षकाला वाटते, काहीच घडले नाही. काहीच घडू न देणे हेच घडलेले असते.

हे काम किती मोलाचे आहे, ते खेळाच्या इतिहासात एकदा आकड्यांनी सिद्ध झाले. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यापूर्वी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. पुढे दोन पुरेसे झाले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात ते १७०३ झाले. तेव्हा संघांनी मध्यावर खेळणारा एक खेळाडू मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभा केला. लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी ह्या रचनेला घाट दिला. ज्याला आपण पुढे "स्टॉपर" म्हणू लागलो, तो अशा रीतीने जन्माला आला. सर्व संघांची घडी त्या एका जागेसाठी बदलावी लागली, यातच त्या जागेची किंमत आली.

आता आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ. अनमोडचा घाट उतरला की गोवा. तेथील फुटबॉलचे वेड आपल्या रामनगर-कॅसलरॉकच्या लोकांना मी सांगायला नको. चंदीगडचा संदेश झिंगन हा भारताचा मध्यवर्ती बचावपटू २०२३ साली एफसी गोवा संघात दाखल झाला. त्या हंगामात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, डिसेंबरअखेरपर्यंत गोव्याचा संघ साखळीत एकही सामना हरला नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषकाची स्पर्धा झाली. तेथे सीरियाविरुद्ध दुसऱ्या सत्राच्या प्रारंभी झिंगनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. सामना तेव्हा बरोबरीत होता. पुढे सीरियाने एकमेव गोल करून तो जिंकला. झिंगन त्या हंगामात पुन्हा खेळू शकला नाही. फेब्रुवारीत गोव्याचा संघ लागोपाठ तीन सामने हरला. त्यांपैकी कोचीच्या सामन्यात तो दोन गोलांनी पुढे होता. दुसऱ्या सत्रात केरळ ब्लास्टर्सने चार गोल केले. हंगामाअखेरीस मोहन बागानचे ४८ गुण झाले आणि गोव्याचे ४५. एका विजयाचे गुण तीन असतात, हे आपण जाणताच. पुढे २४ एप्रिलला फातोर्ड्याच्या मैदानावर उपान्त्य फेरीचा पहिला सामना झाला. नव्वदावे मिनिट येईपर्यंत गोवा दोन गोलांनी पुढे होता, आणि तेथून मुंबई सिटीने तीन गोल करून तो सामना जिंकला. राष्ट्रीय संघाचेही तसेच झाले. मार्च महिन्यात गुवाहाटीला आपण अफगाणिस्तानकडून १-२ असे हरलो. त्या संघातही झिंगन नव्हता.

हे ऐकून आपण म्हणाल की उत्तर मिळाले: एक मनुष्य गेला आणि दोन संघ ढासळले. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण आयुष्यभर संहितेचे पाठभेद तपासण्यात घालविलेल्या माणसाला सोयीचे उत्तर सहज गिळवत नाही. म्हणून आता विरुद्ध बाजूचा पुरावा पाहू.

कतारच्या त्याच स्पर्धेत झिंगन खेळत असताना भारत ऑस्ट्रेलियाकडून दोन आणि उझबेकिस्तानकडून तीन गोलांनी हरला होता. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, आपल्या बेंगळुरूला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत लेबनॉनविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात तो पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता. त्या सामन्यात भारतावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात तो परतला, आणि कुवेतने एक गोल केला! गोव्याच्या बाबतीतही, तो जायबंदी झाल्याबरोबर संघ कोसळला असे नाही. विश्रांतीनंतरचे पहिले सामने त्याच्यावाचून पार पडले, आणि मग घसरण लागली. तेव्हा "तो होता म्हणून जिंकलो, नव्हता म्हणून हरलो" हे सूत्र जसेच्या तसे टिकत नाही.

मग टिकते काय? यासाठी इंग्लंडमधील लिव्हरपूल संघाचे उदाहरण फार बोलके आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्या संघाने व्हर्जिल व्हॅन डाइक हा डच बचावपटू साडेसात कोटी पौंडांना घेतला. एका बचावपटूसाठी एवढी रक्कम तोवर कोणी मोजली नव्हती. २०१७-१८ च्या हंगामात लिव्हरपूलवर साखळीत ३८ गोल झाले होते. २०१८-१९ मध्ये ते २२ वर आले. त्या वर्षी संघ युरोपचा विजेता झाला, आणि पुढच्या वर्षी ९९ गुण मिळवून तीस वर्षांनी इंग्लंडचे अजिंक्यपद मिळाले. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात व्हॅन डाइकचा गुडघा निकामी झाला. त्या हंगामात संघावर ४२ गोल झाले, गुण ६९ वर आले, आणि ज्या घरच्या मैदानावर तो साखळीतील ६८ सामने अपराजित होता, तेथेच लागोपाठ सहा सामने हरला.

पण येथेही तपशील पाहिला पाहिजे. २०१८ च्या उन्हाळ्यात अॅलिसन हा उत्तम गोलरक्षकही त्या संघात आला होता; तेव्हा वाचलेल्या गोलांचे सगळे श्रेय व्हॅन डाइकचे नव्हे. त्याच्या दुखापतीच्या तेरा दिवस आधी अॅस्टन व्हिलाने लिव्हरपूलवर सात गोल चढविले होते, आणि व्हॅन डाइक तो सामना पूर्ण खेळला होता. अॅलिसन त्या दिवशी नव्हता. पुढे त्याचे दोन जोडीदारही जायबंदी झाले. मैदाने तर साथीमुळे रिकामीच होती.

ह्या सर्व गोष्टी वजा केल्यावर जे उरते, ते मला महत्त्वाचे वाटते. मागची भोके बुजविण्यासाठी व्यवस्थापकांनी मधल्या फळीतील फाबिन्यो आणि हेंडरसन यांना मागे नेले. त्यामुळे मधली फळी दुबळी झाली. मधून चेंडू येईना, म्हणून पुढची फळी गोल करीना. एक जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी दुसरी रिकामी करावी लागली, आणि तिच्यामुळे तिसरी. हंगामाच्या शेवटी फिलिप्स आणि विल्यम्स या दोन नवख्या बचावपटूंना मागे ठेवून फाबिन्योला पुन्हा मध्ये आणले, तेव्हा त्याच संघाने अखेरचे पाचही सामने जिंकले आणि तिसरा क्रमांक मिळविला. ते दोघे व्हॅन डाइकच्या तोडीचे मुळीच नव्हते. पण प्रत्येक जण आपापल्या जागी परतला होता. बचावपटूची किंमत त्याने अडविलेल्या चेंडूंत जेवढी असते, त्याहून अधिक, त्याच्यामुळे इतर दहा जणांना आपापल्या जागी निर्धास्तपणे खेळता येते यात असते.

२०१४ च्या विश्वचषकात ब्राझिलने जर्मनीविरुद्ध जे भोगले तेही याच जातीचे. त्या उपान्त्य सामन्याआधी सर्व देश जायबंदी नेमारसाठी हळहळत होता. कार्डामुळे बाहेर बसलेला कप्तान थियागो सिल्व्हा हा बचावपटू होता. त्याच्यासाठी अश्रू कमी पडले. निकाल ७-१ असा लागला, आणि त्यांतले चार गोल सहा मिनिटांच्या अवधीत झाले. एक गोल झाल्यावर सर्वांना थोपवून, रेषा नीट करून उभा करणारा कोणी उरला नव्हता. तरीही लगेच निष्कर्ष नको. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सिल्व्हा परतला, आणि सामना सुरू होताच त्याच्याच चुकीने नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली. मोडलेली घडी एकटा माणूस परत येऊन बसवू शकेलच असे नाही.

याची दुसरी, उजळ बाजू आपल्याच इतिहासात आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा स्टॉपर होता पंजाबचा जर्नेलसिंग. थायलंडविरुद्ध त्याच्या डोक्याला मोठी जखम झाली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला विश्रांती न देता उपान्त्य व अंतिम सामन्यांत चक्क पुढच्या फळीत मध्यभागी खेळविले, आणि त्याने दोन्ही सामन्यांत गोल केला. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. गोष्ट सांगताना आपण डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगचीच सांगतो, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण स्टॉपर पुढे गेला तेव्हा मागे कोण होते? अरुण घोष यांनी ती जागा सांभाळली. गोव्याचे फॉर्च्युनेटो फ्रँको त्यांच्या शेजारी होते. प्रमुख बचावपटू पुढे पाठविण्याचे धाडस रहीम साहेबांना करता आले, कारण ती जागा घेणारा मनुष्य त्यांनी आधीच तयार ठेवला होता. लिव्हरपूलला जे साधले नाही ते येथे साधले.

मराठी माणसाला बचाव म्हटला की पावनखिंड आठवते. १६६० च्या त्या रात्री बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचले. बाजीप्रभूंचे नाव आपण आदराने घेतो आणि घेतलेच पाहिजे. पण खिंडीत त्यांच्याबरोबर बांदलांचे मावळे होते, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या गावाकडे वेशीवरच्या राखणदाराला नारळ देतात. वर्षभरात काय काय घडले नाही, याची पावती त्या नारळात असते. आपल्या वाडवडिलांनी न घडलेल्या गोष्टींसाठी कृतज्ञ राहण्याची एक रीत लावून दिली होती, असे मला कधी कधी वाटते.

तेव्हा, विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या बचावपटूमुळे निकालात किती फरक पडला हे ठरविताना तीन प्रश्न विचारा. तो नव्हता तेव्हा आणखी कोण कोण नव्हते? त्याची जागा कोणी घेतली, आणि त्यासाठी कोणती जागा रिकामी झाली? आणि तो असतानाही संघ हरला ते सामने आपण मोजले का? ह्या तीन प्रश्नांतून जे तावून सुलाखून निघेल, तेवढेच श्रेय त्याचे. ते आपल्या पहिल्या अंदाजापेक्षा कमी भरेल. पण माझ्या वहीतील शून्यापेक्षा कितीतरी अधिक भरेल.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्या वर्षी सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. घरच्या म्हशींमागे कोणी नव्हते, हे कारण होते. अंतिम सामन्याचाही त्यात काही भाग होता का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. गुरुजी दोनदा चालत त्याच्या वाड्यावर गेले. दुसऱ्या खेपेनंतर तो परत आला आणि परीक्षा होईपर्यंत राहिला. पुढे तो रेल्वेत लागला, आणि कॅसलरॉकखालच्या घाटात रूळ तपासणाऱ्या टोळीत त्याने नोकरी काढली. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात. मी पुष्कळदा त्या गाडीने गोव्याला गेलो, आणि प्रत्येक वेळी सुखरूप उतरलो. त्याला भेटून क्षमा मागावी असे मनात होते. ते राहून गेले, आणि आता तो नाही.

गुरुजींच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या शाळेचे निकाल, टक्केवारी आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मुलांची यादी वाचली गेली. त्या यादीत माझे नाव होते. त्या मुलाचे नव्हते, कारण तो साध्या वर्गात उत्तीर्ण झाला होता. गुरुजींच्या पायपिटीमुळे किती मुलांची शाळा सुटली नाही, किती मुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबले नाही, याचा रकाना कोणत्याच अहवालात नव्हता. आजही ह्या तालुक्यातील शिक्षकांच्या कामाचा पुष्कळसा भाग त्याच कोऱ्या रकान्यात पडतो, हे मी जाणून आहे.

व्यवस्थापन मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. वार्षिक क्रीडासमारंभात सर्वाधिक गोल करणाऱ्यास आपण चषक देता, तो अवश्य द्यावा. त्याच्या शेजारी मागच्या फळीतील एका खेळाडूसाठीही एक लहानसा चषक ठेवावा. त्याचा मानकरी गोलवहीवरून ठरवू नये. सामना पाहणाऱ्या शिक्षकाने आणि त्याच्याबरोबर खेळलेल्या मुलांनी ठरवावा, कारण तो काय करतो हे त्यांनाच ठाऊक असते. त्या चषकाचा खर्च मी आज मुख्याध्यापकांकडे सुपूर्द करीत आहे. त्याला माझे नाव देऊ नये, आणि गुरुजींचेही देऊ नये. तो नुसता "बॅकचा चषक" म्हणून असावा.

 गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.